काच नको म्हटलं तर मी अंतरपाट धरला

समुद्राच्या तळाशी रेल्वे चालते अशी एक कॉमिक आहे, ऑनलाइन येते, थोडी थोडी पानं. त्यात हीरोइन ड्रायव्हर नाही, गार्ड आहे. मी पहिलं पान पाहिलं आणि खाटेवर सरळ उठून बसली, कारण माहे बाबा मालगाडीचे गार्ड आहेत. आता त्या पोस्टले ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भिलाई-3 च्या आमच्या क्वार्टरमध्ये अजून गार्डच चालतं. आणि आयुष्यभर आमाले लोकायनं विचारलं ते एकच, "अच्छा, रेल्वे में हैं? ड्राइवर हैं क्या?" म्हणजे जगात कोणीतरी एक माणूस असा निघाला ज्याले शेवटच्या डब्यात पण कोणी बसते हे माहीत होतं. मले तर रडूच आलं, मतलब खरंच थोडंसं आलं.

तर त्या कॉमिकमधली गार्डीण शेवटच्या डब्यात राहते. बोगद्यात एक केबिन आहे, तिथं एक दिवेवाला राहते, तो सिग्नलचे दिवे लावते. दोघायच्या मधात जाड काच, कारण बाहेर समुद्र. गाडी जाते तेवढ्यात दोघं एकमेकायले पाहतात, हात वर करतात, संपलं. इतके वर्ष झाले, हेच चालू आहे. आणि दुनियाभरचे लोक एका ऑनलाइन ग्रुपमध्ये बसून रोज हेच बोलतात की ती काच कधी फुटन.

त्या ग्रुपमध्ये मी घुसली. कोणाचंच खरं नाव कोणाले माहीत नाही, जो फोटो लावला तेच नाव. एकीचा फोटो कांद्याचा होता, ती कांदा. पोर्तुगालकडची होती, आणि तिचं आणि माहं इंग्लिश सारखंच वाकडं होतं म्हणून आमचं लगेच जमलं. मी वाचत राहायची, हसत राहायची. हुडको कॉलनीतल्या एका दुकानातून सेकंडहँड पेन-टॅबलेट घेतला होता, त्याच्यावर गार्डीणीचे चित्रं काढून टाकायची. लोक दिल टाकायचे, पुढं जायचे. तिथं माह्याहून भारी काढणारे ढीगभर होते बाप्पा, एकेकाचे ढग पाहून माहा टॅबलेट मले टाकूनच द्यावा वाटे.

मंग एक दिवस मी सहज एक डबा काढला, आणि खिडक्यांत ग्रुपमधल्या लोकायले बसवलं, ज्याचा जो फोटो तो. कांद्याले खिडकीची सीट दिली. एक चष्मेवाला बगळा होता, एक नुसतीच चप्पल होती, त्यायले पण दिली. आणि खाली लिहिलं, बाकीच्यायचं रिझर्वेशन चालू आहे.

अर्ध्या तासात गदर. माही सीट कुठे, माही सीट कुठे. मी दुसरा डबा काढला. मंग तिसरा. मंग वेटिंग लिस्ट लावली. मंग दोघादोघायले एका सीटवर बसवलं आणि लिहिलं आरएसी. आता आरएसी काय असते हे त्यायले काय माहीत, मी समजावलं की तिकीट तर आहे पण बर्थ अर्धी आहे, रात्रभर अनोळखी माणसाचे पाय सहन करा. लोक पागल झाले. अमेरिकेतला एक जण म्हणे, मले मुद्दाम आरएसीच दे. मी म्हटलं ही पहिली वेळ असन दुनियेत.

रोज एक डबा. आई भाजी निवडता निवडता डोकवायची, "हा कोण हाय?"

"हे झाडू आहे आई."

"झाडू कायले बसलं गाडीत?"

"फिनलंडची आहे ती."

"बरं," आई म्हणायची, "दाराजवळ बसव मंग."

तर असं माहं नाव होऊन राहिलं होतं. लोक म्हणायचे ती रिझर्वेशनवाली. पण बाबायचं वेगळंच चालू होतं. माहं बी.कॉम. झालं होतं आणि जुनवानीत रेल्वेच्या परीक्षेचा क्लास होता, दिवाळीनंतर नवीन बॅच. बाबा ड्यूटीवरून आले, जेवले, आणि मी त्यायले मोठ्या खुशीनं मोबाइलवर सगळे डबे दाखवले. त्यायनं पूर्ण पाहिले, मन लावून. मंग म्हणे, "शेवटच्या डब्याले मागं लाल दिवा नाही लावला तू."

"लावते बाबा. पण कसं वाटलं?"

"चांगलं हाय. हे लोक तुले ओळखतात?"

"ओळखतात न."

"मंग चांगलंच म्हणतीन. तुह्या आत्यानं तुही रांगोळी पण चांगली म्हटली होती. तीन पायाचा मोर होता तो."

"तो नाचत होता बाबा."

"हो, पण तीन पायानं." पाणी प्यायले, ग्लास ठेवला. "पाह बेटा, मी काय म्हणतो. ओळखीच्या माणसाचं सोड. एखाद्या अनोळखी माणसानं स्वतःहून यावं, म्हणावं की मले असं असं चित्र काढून दे. आणि तू काढून दिल्यावर त्यानं ते खुशीनं ठेवून घ्यावं. दया करून नाही. वापस नाही करावं. दिवाळीपर्यंत असा एक माणूस आण. मंग मी जुनवानीचं नाव नाही काढणार."

"एकच?"

"एकच."

"आणि नाही आला तर?" हे आईनं विचारलं, म्हणजे माह्या बाजूनं आहे का त्यायच्या, ते समजलंच नाही.

"तर बॅचमध्ये बसन. मी काय दुश्मन हाय का तिचा?"

एक माणूस. मी पळतच जाऊन ग्रुपमध्ये लिहिलं की मी आता पैसे घेऊन सांगितल्याप्रमाणे चित्रं काढून देते, त्याले तिथं कमिशन म्हणतात, मोठा शब्द आहे. पहिल्या दिवशी कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी कांदा म्हणाली मी घेते, मी म्हटलं नको यार, तू ओळखीची आहेस, तू चालत नाही. तिले राग आला. मंग तिले सगळं सांगावं लागलं, बाबा, क्लास, तीन पायाचा मोर. ती म्हणे मोर पाठव.

आणि मंग निळा बूट आला. आली. फोटो निळ्या बुटाचा, गमबूट. ग्रुपमध्ये कधीच काही न बोलणारी. मी तिले कोणत्यातरी डब्यात आरएसी दिली होती, तेवढीच ओळख, म्हणजे ओळख नाहीच. तिचा मेसेज आला की ग्रुपमध्ये लग्नाचा आठवडा येऊन राहिला आहे, म्हणजे सगळे आपापल्या आवडत्या जोड्यांचे लग्नं लावणारे चित्रं टाकणार, तर मले गार्डीण आणि दिवेवाल्याच्या लग्नाचं चित्र पायजे. तुह्याकडे लग्न जसं होते तसंच काढ. त्यातला सगळ्यात खुशीचा क्षण काढ. फक्त एक सांगते, काच नको. मले यायच्या मधात काच पाहून पाहून थकवा आला.

मी ते आईले वाचून दाखवलं, मराठीत करून. आई म्हणे, "बिचारीचं मन किती लागलं हाय."

मी काढायले बसली. आता सगळ्यात खुशीचा क्षण कोणता, याच्यात विचार करायचं काय आहे? आमच्याकडे कोणालेही विचारा. हार नाही, फेरे नाही, जेवण तर नाहीच, जेवणाच्या वेळी सगळे चिडलेले असतात. खुशीचा क्षण म्हणजे नवरा-नवरी समोरासमोर उभे, मधात अंतरपाट धरला आहे, कुंकवाचं स्वस्तिक त्याच्यावर, शेवटची मंगलाष्टक चालू आहे, सगळ्यायच्या मुठीत अक्षता, बँडवाला डोळे लावून बसला आहे की आता पडते, आता पडते. त्या एका सेकंदात पूर्ण मांडव श्वास थांबवते. मी तोच काढला. गार्डीणीले मुंडावळ्या बांधल्या, टोपीवरून. दिवेवाल्याच्या फेट्यात एक छोटा दिवा लावला. मासे पाहुणे होते, परात भरून बुंदी होती, एका खेकड्याच्या हातात सनई. अंतरपाट तर इतका सुंदर काढला की पाण्यात थोडा थोडा हलून राहिला असं वाटे. काच कुठेच नव्हती. मी दोनदा पाहिलं, काच नाही. पाठवून दिलं आणि आनंदानं अंगणात चक्कर मारून आली.

परत आली तर उत्तर आलं होतं. छोटं.

"तू हे मुद्दाम केलं का?"

मले काही समजलंच नाही. मी विचारलं काय केलं?

"काच होती तर ते एकमेकायले पाहू तरी शकायचे. तू त्यायच्या मधात चादर लावली."

मी चित्र उघडलं. आणि यार, मले पहिल्यांदा ते तिच्या डोळ्यानं दिसलं. लग्नाच्या दिवशी पण, भर मांडवात, दोघं उभे, आणि मधात कपडा. चेहरा दिसून नाही राहिला. मासे हसून राहिले. एवढा क्रूर जोक तर त्या कॉमिकवाल्यानं पण नव्हता केला. आणि हसू पण येऊन राहिलं होतं मले, आणि भीती पण वाटून राहिली होती, कारण हे वापस झालं म्हणजे जुनवानी.

मी तिले लंबाचौडा निबंध पाठवला. अंतरपाट काय असते, कायले धरतात, मंगलाष्टक किती लांबवतात, मामा मागं कायले उभा राहते. तिनं सगळं वाचलं. मंग लिहिलं, "समजलं. खूप सुंदर पद्धत आहे. पण तुमच्याकडे तो कपडा पडते. माह्या चित्रात तो कधी पडणार? तो तर तिथंच राहणार न, कायमचा."

तिचं एकदम बरोबर होतं.

कांद्याले सांगितलं. कांदा पहिले हसली, मंग परत हसली, मंग म्हणे पैसे वापस कर आणि गळ्यात गळा घातलेलं एक साधं चित्र देऊन टाक, मामला खतम. मी म्हटलं नाही. तो कपडा पडला पायजे. मी हलणारं चित्र काढते.

मी आजपर्यंत हलणारं चित्र काढलेलं नव्हतं. एक चेंडू उडवला होता फक्त, तो पण वर जाऊन वरच राहिला.

निळ्या बुटाले लिहिलं, मले थोडा वेळ दे, कपडा पाडून देते. ती म्हणे बरं, लग्नाचा आठवडा संपायच्या आत. आठवडा तर चालूच झाला होता. आणि काढायले बसली तर मुद्दा हा की कपडा पडतो कसा? पहिले वरून वाकते का मधातून? मी इतक्या लग्नात गेली, पण त्या वेळी प्रत्येक वेळेस मी नवरीले पाहत होती, कपड्याले कोण पाहते? दुपारची वेळ, बाबा घरी होते, रेस्ट चालू होती त्यायची. मी म्हटलं, "आई, बाबा, दोन मिनिटं अंगणात या. अंतरपाट धरायचा आहे."

"कोणाचा?" बाबा म्हणाले.

"तुळशीसमोर धरा न, तुळशीचं लग्न लावतो तसं. मले व्हिडिओ काढायचा आहे."

आईनं हात जोडले. "पागल झाली का? दिवाळी नाही, एकादशी नाही, देव झोपले हायत अजून. तुळशीचं लग्न आत्ताच लावते? पाप लावते का मले?"

"खरं नाही लावायचं आई, नुसता कपडा."

"तुळशीपुढं नुसता-बिसता काही नसते."

"बरं, मंग दुसऱ्या कोणाचं लावू."

बाबा म्हणाले, "कुकर घे."

आईनं त्यायच्याकडे पाहिलं. ते एकदम सिरियस होते. म्हणे, "कुकर नवरी. मिक्सर नवरा. एकाच ओट्यावर राहतात, जात-पात काही नाही, पाहणं-पसंतीचा सवालच नाही."

"अहो, तुम्ही पण?"

"पोट्टीचं काम हाय न."

तर अंगणात पाटावर कुकर आणि दुसऱ्या पाटावर मिक्सर. मधात आईचा पांढरा दुपट्टा, एक टोक आईकडे, एक बाबाकडे. मी खाली बसून मोबाइल धरला. आईनं अगोदरच सांगून दिलं, मंगलाष्टक एक अक्षर म्हणायची नाही, देव जागे होतीन. आणि अक्षतापण नाही. मुरमुरे घे.

"मंग सोडायचं कवा?" बाबानं विचारलं. "सावधान नाही म्हणायचं, तर इशारा काय?"

"तुमीच काहीतरी म्हणा."

गाडी स्टेशनवरून न थांबता थ्रू जाते तेव्हा ड्रायव्हर तिकडून हिरवा झेंडा दाखवते, गार्ड इकडून दाखवते, म्हणजे सगळं ठीक आहे, चला. त्याले ऑल राइट म्हणतात. बाबानं तेच केलं. एक हात दुपट्ट्याले, दुसरा हात वर, आणि पूर्ण मोहल्ल्याले ऐकू जाईन असे ओरडले, "ऑऽऽल राइट!"

आईनं दचकून सोडला. बाबानं सोडलाच नाही. दुपट्टा बाबाच्या हातात लटकला आणि मिक्सरले गुंडाळला गेला.

"परत," मी म्हटलं.

परत. या वेळी बाबानं पहिले सोडला, आई हसून राहिली होती तर तिच्याकडचा राहिला. परत. मुरमुरे माह्याच डोक्यावर पडले. परत. भिंतीवरून बाजूच्या काकू पाहून राहिल्या होत्या, छत्तीसगढीत म्हणे, "का होवत हे दीदी?" आई म्हणे, "कुकर के बिहाव हे." काकूनं मान हलवली, "बने हे, बने हे," म्हणजे छान आहे, आणि पाहतच राहिल्या. त्यायच्या हातात धुतलेले कपडे तसेच.

कितीदा केलं, मोजलं नाही. पण त्यातल्या एका वेळी असं झालं की बाबाकडचं टोक आधी सुटलं, आणि कपडा सरळ खाली नाही आला, तिरपा आला, पहिले कुकरचा एक कान दिसला, मंग शिट्टी, आणि शेवटी अर्धा मिक्सर. म्हणजे पूर्ण एकदम नाही दिसलं, थोडं थोडं दिसलं. मी ओरडलीच, हेच पायजे, हेच. कारण गार्डीणीनं त्याले एकदम पाहून चालणार नव्हतं. इतक्या वर्षांनी पाहून राहिली ती. पहिले फेट्यातला दिवा दिसला पायजे. मंग कपाळ. मंग डोळे.

तेच काढलं. एकेक फ्रेम, बोटं दुखेस्तोवर, कांदा प्रत्येक फ्रेम पाहून शिव्या देऊन राहिली होती की झालं का झालं का. दोन्ही टोकं कोणी धरले हे मात्र मी बदललं नाही, त्यायच्या अंगावर आईचा गाऊन आणि बाबाचा पट्ट्याचा पायजमा आहे, फक्त डोकं माशाचं. लग्नाच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी पाठवलं. कपडा तिरपा पडते, दिवा, कपाळ, डोळे, मंग अक्षता उडतात, पाण्यात त्या खाली न पडता वर वरच जातात, आणि खेकडा जोरात सनई वाजवते.

आता इथं मी मोबाइल उलटा ठेवून भांडे घासायले गेली, कारण पाहत बसली असती तर मेली असती. सगळे भांडे घासले. आई म्हणे तब्येत ठीक हाय न?

परत येऊन पाहिलं. निळ्या बुटानं लिहिलं होतं, "मी हे कामावर उघडलं. चूक झाली. सगळ्यायसमोर रडली. हे माहं आहे न? मी हे कोणाले वापस देणार नाही, तू मागितलं तरी नाही." आणि खाली विचारलं होतं की ग्रुपमध्ये टाकलं तर चालन का.

चालन का म्हणे.

टाकलं तिनं. त्याच्यानंतर जे झालं ते सांगताना मी अजून पण भरभर टाइप करून राहिली. लोकायनं आपापल्या जोड्यांच्या मधात कपडे धरले. कोणी गोधडी धरली, कोणी शिडाचं कापड, एका आजीबाईनं, हो, ग्रुपमध्ये आजीबाई पण आहे, तिनं टेबलक्लॉथ धरला. आणि माह्या मेसेजमध्ये लाइन. आमचा पण पाड, आमचा पण पाड. मी खरंच रिझर्वेशन चालू केलं, या वेळी आरएसी नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले, पेटी ठेवली, पाय धुतले. मी समोरच उभी. त्यायले सगळं माहीत होतं, आईनं फोनवर सांगून दिलं असन, पण विचारलं, "ठेवून घेतलं का त्या बाईनं?"

"घेतलं."

"दया करून?"

मी तिचा मेसेज वाचून दाखवला. कामावर रडली इथपर्यंत. बाबानं टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मंग म्हणाले, "जुनवानीवाल्या मास्तरले नाही म्हणून कळवतो उद्या. फालतू वाट पाहत बसन तो."

आई आतून म्हणाली, "आत्ताच कळवा."

"आत्ताच कळवतो बापा."

मी तर परत टॅबलेटवर बसली होती, कारण पुढची ऑर्डर दोन ऑक्टोपसच्या लग्नाची होती आणि मले एक अडचण येऊन राहिली होती. म्हटलं, "बाबा, ऑक्टोपसच्या लग्नात अंतरपाट कोण धरन? पाहुणे सगळे छोटे मासे आहेत, त्यायले झेपत नाही."

बाबा मोबाइलवर मास्तरचा नंबर शोधून राहिले होते. मान वर न करता म्हणाले, "त्यायले काय हाताची कमी हाय? नवरा-नवरीच धरतीन."